दोन ओळी वर

सुवा,
बुधवार, १३ ऑगस्ट

माझी मोठी बहीण, माझी तुआका मेरेओनी,

बुला. आम्ही सगळे बरे आहोत. तू पाठवलेला दालो पोचला, एकही कंद सडला नव्हता. नारळाच्या दुधात शिजवला तर शेजारच्या सालोतेमावशी वासावर आल्या आणि जेवूनच गेल्या. इलाइतिया भावजींचा गुडघा कसा आहे? लेवुकात पाऊस?

रविवारीच फोनवर बोललो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मला बोलता आलं नाही. तू हसत होतीस.

माझं काम तुला कधी धड सांगितलंच नाही. चर्चमधल्या बायकांना तू सांगतेस, "आमची तोरिका कंप्युटर दुरुस्त करते." दुरुस्त करत असते तर बरं झालं असतं. मी त्याला हुकूम लिहून देते. लॅबमधून लोकांच्या तपासणीचे निकाल येतात, माझा प्रोग्राम एकेका माणसाचं नाव घेतो, त्याचा निकाल शोधतो, पत्र छापतो आणि पुढचं नाव घेतो. हे एकेका माणसाचं काम कंसात लिहायचं असतं. कंसात जे नाव ठेवलं, समज 'निकाल' नावाचं भांडं, ते आतच जगतं. माणूस बदलला की जुनं भांडं जातं, नवं कोरं येतं. कंसाबाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

यादी शेवटपर्यंत गेली हे कळावं म्हणून मार्चमध्ये आमच्या शलेशसाहेबांना शेवटचा निकाल पडद्यावर हवा होता. मी कंसाच्या खाली तशी ओळ लिहिली, तर कंप्युटर म्हणाला, हे नाव मला माहीत नाही. बरोबरच होतं त्याचं. दुपारचा दीड वाजला होता, पोटात कावळे ओरडत होते. मी भांड्याची ओळ उचलली आणि दोन ओळी वर नेली, कंसाच्या बाहेर. कुरकुर थांबली. मी जेवायला गेले.

आता सगळ्यांना मिळून भांडं एकच राहिलं. निकाल सापडला तर नवा भरला जाई. नाही सापडला तर आधीच्या माणसाचा तसाच आत राही. ज्यांचा नमुना वाटेत खराब झाला, त्यांना 'पुन्हा नमुना द्या' असं पत्र जायला हवं होतं. त्यांना दुसऱ्याचा निकाल गेला.

पकडलं ते शेजारच्या टेबलावरच्या रुसियातेनं. "अगं, हे भांडं बाहेर काय करतंय? कुठल्या शहाण्यानं ठेवलं?"

"मी."

तो खो खो हसला. मग त्यानं यादी काढली. एक्केचाळीस नावं निघाली, तेव्हा नाही हसला.

हे चार तारखेला. शलेशसाहेबांनी दार लावून घेतलं. "वकिलांचं पत्र निघेपर्यंत कुणी कुणाच्या दारात जायचं नाही. तबुआ-बिबुआ काही नाही, कळलं ना तोरिका? तुझ्यापायी आम्ही सगळे बुडू." आणि तसं लिहून माझी सही घेतली. वकिलांना तीन आठवडे हवेत म्हणे.

वडिलांनी आपल्याला काय शिकवलं? चूक झाली तर तबुआ, देवमाशाचा दात, दोन हातांत धरून त्या घरापुढे बसायचं, आत बोलावेपर्यंत मान वर करायची नाही. आणि मी नऊ दिवस खुर्चीत बसून दुरुस्त झालेला प्रोग्रामच पुन्हा पुन्हा तपासतेय. संध्याकाळी घरी जाते, तरी सुटल्यासारखं वाटत नाही. मुलांवर उगाच खेकसते.

तुआका, त्या यादीत सव्विसावं नाव तुझं आहे.

एप्रिलमध्ये बोटीनं आलेल्या नर्सबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना घेतला ना, ती तुझी बाटली गळली. तुझी तपासणी झालीच नाही. 'सर्व ठीक, पाच वर्षांनी या' हे दुसऱ्याच कुणा बाईचं होतं. तू त्या पत्रावर मेजवानी दिलीस, डुक्कर कापलंस. मीही आले, दोनदा वाढून घेतलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, देवाशपथ.

पण रविवारी माहीत होतं. तू म्हणालीस, "अजून रक्ताचा डाग पडतो गं अधूनमधून. पण कागदावर ठीक लिहिलंय, म्हणून डॉक्टरकडे गेलेच नाही. तुमच्या कंप्युटरपेक्षा मला जास्त कळतं का?" आणि मी म्हटलं, दालो छान होता.

सही हा बहाणा. नोकरी जाईल याची भीती वाटली, आणि त्याहून तुला तोंड दाखवायची लाज. बहिणीच्या जिवापुढे मी हे तोलत बसले.

सालोतेमावशी उद्याच्या बोटीनं येताहेत, पत्र त्याच देतील. वाचलंस की भावजींना घेऊन तडक हॉस्पिटलात जा. डाग पडतो हे पहिल्याच वाक्यात सांग, लाजू नकोस. ते 'सर्व ठीक'चं पत्र दाखवू नकोस, नाहीतर डॉक्टरही त्यावर विश्वास ठेवतील.

उरलेल्या चाळीसांनाही कुणी बहीण असेल. हे पत्र मावशींकडे दिलं की मी शलेशसाहेबांकडे जाणार आहे. एका घरी मी कळवलंय, बाकीच्यांना आज तुम्ही कळवता की मी कळवू, एवढंच विचारणार. पुढे काढून टाकतील. टाकू देत.

शनिवारी मी येते. तुझ्या दारापुढे बसेन. शिव्या दे, हवं तर आत घेऊ नकोस. पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. राग आधी आला तर तो बरोबर घेऊन जा, पण जा.

तुझा निकाल छापून पाठवणारी, आणि तो काय आहे हे अजून माहीत नसलेली,
तुझी धाकटी
तोरिका