न निघालेल्या पुस्तकाची प्रस्तावना

१४ जून
बोरुडे साहेबांचा जालन्याहून फोन. मी दुकानात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाइप करत होते. ते दरवर्षी एका नवीन कवीचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढतात. या वर्षी माझं!! म्हणजे जवळजवळ माझं. म्हणाले, "कविता ठीक आहेत. पण तुमचं नाव कुणाला माहीत नाही. मोठ्या माणसाची प्रस्तावना आणा, ऑगस्ट अखेरपर्यंत. प्रस्तावना नाही तर पुस्तक नाही." पुढच्या वर्षाचं नाव त्यांच्याकडे ठरलेलं आहे, म्हणजे याच वर्षी.
दुकानाचे मालक शेखभाई म्हणाले, "क्या शायरा, पहले वो दाखला निकालो. बाबाजी धूप में खडे हैं."

१६ जून
पप्पांनी सांगून टाकलं. ते चालवतात त्या घनसावंगी–जालना जीपमधल्या प्रत्येक प्रवाशाला. "माझी पोरगी पुस्तक काढून राह्यली." आज स्टँडवरच्या चहावाल्याने विचारलं, कधी येऊन राह्यलं?
आई पप्पांवर चिडली. "निंगायच्या आधी कामून सांगत फिरता?"
"निंगल्यावर तर कोनी बी सांगन."

२२ जून
सल्ले: पुण्याला पाठव. पुण्याला अजिबात पाठवू नको. फेसबुकवर टाक. फेसबुकवर टाकलेलं कुणी छापत नाही. आधी आयएसबीएन नंबर घे, पुस्तकाच्या मागच्या पानावर छापतात तो. वाचन वाढव (हे सगळेच म्हणतात, पुस्तक कुणी देत नाही). कवितेच्या ग्रुपवर विचारलं तर "खूप खूप शुभेच्छा ताई" आणि आणखी एक प्रमाणपत्र. मोबाइलमध्ये नुसती प्रमाणपत्रं झाली आहेत, फुलांच्या चौकटीची.
मोठा माणूस मला एकच माहीत आहे. समीक्षक टाकळकर सर. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी कॉलेजात आले होते. भाषणात म्हणाले होते, प्रस्तावना म्हणजे आरती नव्हे, लिहिणाऱ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. मी तेव्हा ते लिहून घेतलं होतं. बाकीच्या मुली हसत होत्या.

३० जून
जालन्याला सरांकडे. पप्पांनी पुढची सीट दिली, तिथे बसणाऱ्या नेहमीच्या माणसाला मागे पाठवलं.
सर चांगले आहेत. काकूंनी चिवडा दिला. सरांनी फाइल हातात तोलली. "बरंच लिहिलंस गं." दोन पानं वाचली, चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले, "असं कर, प्रस्तावना तूच लिहून आण."
मला वाटलं चेष्टा करतात.
"अगं, तुझ्या कविता तुझ्याइतक्या कुणाला माहीत? तू लिही, मी बघून घेतो, दुरुस्त करतो, सही करतो. आता एवढं वाचवत नाही बघ."
येताना पप्पांनी विचारलं, "व्हय म्हनले का?" मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते.

२ जुलै
कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्या हसल्या. "सगळे तसंच करतात शीतल. माझ्या पुस्तकाची मीच लिहिली होती. 'आश्वासक कवयित्री' असं दोनदा टाक, झालं."

१८ जुलै
लिहिलं: "या कवयित्रीच्या शब्दाशब्दांतून मराठवाड्याच्या मातीचा गंध दरवळतो." स्वतःच वाचलं आणि उठून दाराबाहेर जाऊन उभी राहिले. स्वतःला "या कवयित्री" म्हणताना लाज वाटते, आणि खाली सरांचं नाव टाकून म्हणताना आणखी जास्त. फाडलं. अशी तीन-चार पानं गेली.
मॅडम लिहू शकतात. मला का जमत नाही?

२५ जुलै
आज जमलं. एक गोष्ट केली. सर खरंच वाचायला बसले असते तर काय लिहिलं असतं, तेच लिहायचं ठरवलं. आरती नाही. माझ्याच कविता दुसऱ्या कुणाच्या म्हणून वाचल्या. आधी वाईट वाटलं. मग हात थांबेना.
कोणत्या कविता खऱ्या आहेत ते लिहिलं. कोणत्या कुठून तरी ऐकून आल्यासारख्या आहेत तेही लिहिलं. उदाहरणं म्हणून त्यातल्याच ओळी दिल्या. आणि हे: "आई जवळ आली की ही मुलगी मोठे शब्द पुढे करते आणि त्यांच्यामागे लपते. कापूस वेचून चिरलेली बोटं म्हणजे 'वेदनेचे महावस्त्र' नव्हे. ती बोटं आहेत. त्यांनी भाकरी थापताना पिठातलं मीठ झोंबतं. एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं."
शेवटी लिहिलं, हे पुस्तक आणखी थोडं थांबलं असतं तर ते हिचं स्वतःचं झालं असतं.
सर दुरुस्त करणारच आहेत. त्यांना जे कडक वाटेल ते काढतील.

१० ऑगस्ट
सर गावाला गेलेत. काकू म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात.

१९ ऑगस्ट
सर आले, पण तापाने पडलेत. बोरुडे साहेबांचा मेसेज: "प्रस्तावना?"

२८ ऑगस्ट
सही झाली.
कुणाच्या तरी सत्काराचा कार्यक्रम होता, सरांनी तिथेच बोलावलं. एका हातात बुंदीची प्लेट, पान गुडघ्यावर. शेवटच्या पानावर सही केली. मी म्हणाले, सर, एकदा वाचून घ्या ना. "वाचलं गं. छान उतरलंय." पानं उलटली होती त्यांनी, हे मी पाहिलं. किती वाचलं ते… पण छान म्हणाले. एक शब्दही काढला नाही.
बाहेर पप्पांचा हॉर्न. प्रवासी ओरडत होते. तशीच बोरुडे साहेबांच्या ऑफिसात पाकीट देऊन आले.
जीपमध्ये येताना वाटत होतं, सरांनी वाचलं आणि त्यांना पटलं. म्हणजे माझ्या कवितांबद्दल माझं आणि त्यांचं मत एकच आहे. वाईटही वाटलं आणि अभिमानही.

१२ सप्टें.
बोरुडे साहेबांचा फोन. शब्द जसेच्या तसे:
"प्रस्तावना वाचली. सरांनी काय लिहिलंय! पण बाई, पहिल्याच पानावर सर म्हणतात निम्म्या कविता उसन्या आहेत. शेवटी म्हणतात थांबा. आता मी कसं काढू? लोक मला विचारतील, सरांनी नको म्हटलेलं पुस्तक तू काढलंस?"
मी म्हणाले, मी दुसरी प्रस्तावना आणते.
"सरांची असताना दुसऱ्याची? सरांचा अपमान होईल."
यंदाचं पुस्तक दुसऱ्या कुणाचं तरी काढतायत.
दुकानात परत जाऊन चार अर्ज टाइप केले. शेखभाईंनी विचारलं, तबियत बराबर है ना?

१५ सप्टें.
सरांकडे. प्रत नेली होती. त्यांनी ती आज पहिल्यांदा वाचली. मी समोर बसून बघत होते. मध्येच एकदा हसले, एकदा "अरे" म्हणाले.
"यावर मी सही केली?"
"हो सर."
"येडे, अशी लिहितात का प्रस्तावना?"
"तुम्हीच भाषणात म्हणाला होता, आरती नव्हे."
सरांनी पानं जुळवून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "भाषणात मी बरंच काही म्हणतो." काकू आत गेल्या.
मला राग यायला हवा होता. सर एवढे दमलेले दिसत होते. निघताना म्हणाले, "बोरुडेला खरं सांगायचं तर सांग. मी नाही म्हणणार नाही."

१७ सप्टें.
सांगायला गेले होते बोरुडे साहेबांकडे. त्यांनीच सुरुवात केली. "सरांनी इतक्या वर्षांत इतकं मनापासून कुणावरच लिहिलं नाही. ते मिठाचं वाक्य! नशीबवान आहात."
माझ्या एखाद्या वाक्याला आजवर असं कुणी म्हटलेलं नाही.
काही न सांगता खाली उतरले. का, ते…

३ ऑक्टो.
पप्पांना अजून पुस्तक लांबलं एवढंच माहीत आहे. "छापखान्यात गर्दी आसंल दिवाळीची," ते स्वतःच म्हणतात. स्टँडवरही तेच सांगतात. एकही कविता लिहिलेली नाही. लिहायला बसले की मोठा शब्द येतो, आणि तो येताना दिसतो. मग काहीच येत नाही.

दिवाळी, पाडवा
बोरुडे साहेबांचा दिवाळी अंक टपालाने आला. सोबत चिठ्ठी, "आपल्याविषयी आहे, सप्रेम." आत अख्खी प्रस्तावना. वर शीर्षक: 'एका न निघालेल्या पुस्तकाची प्रस्तावना'. खाली सरांचं नाव आणि फोटो. माझं नाव पहिल्या परिच्छेदात, गावासकट.
माझ्या ओळी छापून आल्या आहेत. ज्या फसल्या म्हणून उदाहरणाला दिल्या होत्या, तेवढ्याच. चांगल्या ओळी मी दिल्याच नव्हत्या. वाटलं होतं, त्या पुस्तकात असतीलच.
आई म्हणाली, वाच. बोटांचा भाग वाचून दाखवला. तिने हात पदराला पुसले. "बराबर लिवलं त्या मानसानं. त्याची आई बी कापूस येचत आसंल."

दिवाळी, भाऊबीज
पप्पा आज अंक जीपमध्ये घेऊन गेले. मी लपवला होता, आईने दिला. "पोरीवर लिवलंय मोठ्या मानसानं" म्हणून दिवसभर दाखवत होते. संध्याकाळी आले ते जेवलेच नाहीत. रांजणीच्या एका गुरुजींनी जीपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. लोक हसले.
"नावं ठिवलीत तुला त्यात. अन् मी लोकायला दावून राह्यलो." मग म्हणाले, "उद्या त्याच्या दारापुढं जीप लावतो. इचारतो, माझ्या लेकराला नावं ठिवनारा तू कोन."
मग सांगावंच लागलं. सगळं.
"तूच लिवलं?"
"हो."
"सगळं?"
"हो पप्पा."
"मंग खाली नाव त्याचं कामून?"
आई म्हणाली, "अन् सवताला नावं ठिवायला तुला कोनी सांगितल्तं?"
पप्पा जीप धुवायला गेले. सकाळीच धुतली होती.

८ नोव्हें.
सरांचा फोन. आवाज खुशीत. दिवाळी अंकातल्या त्या लेखासाठी त्यांना कुठकुठून फोन आले. "तुझ्यामुळे गं. म्हातारपणी लोक म्हणतायत सरांची लेखणी परत धारदार झाली." हसले. मीही हसले, काय करणार.
मग खरं काम. वाटूरच्या शाळेतल्या एक मॅडम आहेत, बोरुडे पुढच्या वर्षी त्यांचंच पुस्तक काढतायत. प्रस्तावना सरांकडे मागितली आहे. "तू लिहून दे. या वेळी हात जरा सैल सोड. आणि तुझं त्याच्या पुढच्या वर्षी मी स्वतः बोलतो बोरुडेशी, शब्द दिला."
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "पाठवा" म्हणाले.

१३ नोव्हें.
वाटूरच्या मॅडमच्या कविता आल्या. मळ्यातल्या विहिरीवरची एक फार चांगली आहे, ती वाचून मी तशीच बसून राहिले. बाकीच्या माझ्यासारख्याच. मोठे शब्द. एकीत महावस्त्रसुद्धा आहे.
खरं लिहिलं तर तिचं पुस्तक थांबेल, आणि माझंही. गोड लिहिलं तर दोन्ही निघतील.
गोड लिहून पाहिलं. आता जमतं. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या होत्या तसं, आश्वासक दोनदा. लिहून झाल्यावर पाणी प्यायले आणि ते पान उलटं ठेवलं.

१६ नोव्हें.
दुपारी दुकानात वाटूरच्या मॅडमचा मेसेज.
"ताई नमस्कार. सरांनी तुमचा नंबर दिला. प्रस्तावना टायपिंगला तुमच्याकडे आहे म्हणाले. शाळेत, घरी सगळ्यांना सांगून बसले आहे. धीर धरवत नाही म्हणून विचारते, राग मानू नका. सरांनी माझ्याबद्दल कसं लिहिलंय? चांगलं नसलं तरी सांगा."
लिहिलं, अजून सरांनी मजकूर दिलेला नाही. पुसलं. लिहिलं, खूप छान लिहिलंय. पुसलं. लिहिलं, विहिरीची कविता…
शेखभाईंनी हाक मारली, गिऱ्हाईक उभं होतं.
आता घरी आले आहे, उत्तर अर्धंच राहिलंय. तिच्या मेसेजवर निळ्या खुणा होऊन गेल्या. मी वाचलंय, हे तिला दिसतंय.