फुकटचं कार्ड घेण्याआधी

आई, गेला महिनाभर मी एक कार्ड घ्यावं की नको याचा विचार करत होते, आणि त्या महिन्यात तुझी जितकी आठवण आली तितकी तुझ्या श्राद्धालाही येत नाही. कार्ड म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या संत तुकाराम नगरातल्या खोलीत साधा फोनही नव्हता. तळहातात मावेल एवढा प्लास्टिकचा चपटा तुकडा असतो. दुकानात तो दाखवला की सामान मिळतं, पैसे बँक भरते आणि महिना झाला की सगळे एकदम आपल्याकडून घेते. वेळेवर पूर्ण भरले तर व्याज नाही. उलट प्रत्येक खरेदीवर तीच आपल्याला पॉइंट देते, आणि पॉइंट साठले की एखादी वस्तू मिळते, नाहीतर बिलात सूट. आणि या कार्डाला वर्षाची फीसुद्धा नाही. तू डोळे बारीक करून विचारलं असतंस, ‘मग त्या बँकवाल्याला काय मिळतं?’ मीही तेच विचारलं.

विचारलं ते एका पोरीला. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला आहे, गाड्यांचे सुटे भाग बनतात आमच्याकडे. दुपारच्या सुट्टीत ही मुलगी कँटीनच्या दाराशी टेबल मांडून बसली होती. परभणीकडची, माझ्या लेकीच्या वयाची. समोर माहितीची पत्रकं आणि भेट म्हणून द्यायच्या पाण्याच्या बाटल्या. लाइनवरची पोरं येता-जाता बाटल्या उचलून बघत होती, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी ताट ठेवून हात धुतले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘ताई, घ्या ना कार्ड. आयुष्यभर फ्री आहे.’

‘कोणाच्या आयुष्यभर?’

ती हसली. मग मी तुझा प्रश्न विचारला. तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘दुकानदाराकडून थोडं मिळतं, ताई. आन् जे वेळेवर भरत नाहीत त्यांच्याकडून लई मिळतं. हे मी सांगायचं नसतं, पण तुम्ही विचारायलात म्हणून सांगायले.’ मला ती तिथेच आवडली. मी पत्रक घेतलं. ती बाटलीही देऊ करत होती, तर म्हटलं, ‘कार्ड घेतलं तर नेईन, उगाच कशाला?’ तिचा चेहरा जरासा पडला, कारण बाटली नेणारा माणूस परत येतो असं त्यांना शिकवलेलं असणार.

संध्याकाळी रहाटणीला घरी आले आणि पत्रक यांच्यापुढे ठेवलं. यांनी ते उलटंसुद्धा केलं नाही. ‘अगं, माझ्या भावाचं विसरलीस का?’ विसरले नव्हते. माझ्या धाकट्या दिराने असंच कार्ड घेतलं होतं. बिलावर एक मोठा आकडा असतो आणि खाली एक छोटा, ‘किमान रक्कम’ म्हणून. त्याला वाटलं छोटा आकडा भरला की झालं. तो बिचारा दर महिन्याला इमानदारीने छोटा आकडा भरत राहिला आणि मोठा आकडा वाढत राहिला. शेवटी त्याने हौसेने घेतलेली मोटारसायकल विकली. तेव्हापासून कार्ड म्हटलं की यांना ती मोटारसायकल दिसते. ‘आपलं फोनवरून पैसे देणं चालतंय ना नीट?’ हे म्हणाले. म्हटलं, चालतंय. ‘मग?’

या ‘मग’चं उत्तर मला शोधायचं होतं. म्हणून ठरवलं की एक महिना नुसतं बघायचं. नेहमीसारखाच खर्च करायचा आणि प्रत्येक वेळी मनात विचारायचं, इथे कार्ड चाललं असतं का आणि पॉइंट मिळाले असते का. दूधवाल्याकडे नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडी घेताना नाही. आमच्या गल्लीतला किराणावाला म्हणाला, ‘वहिनी, कार्डाचं मशीन ठेवत नाही, त्यात माझेच पैसे कापतात.’ पेट्रोलला कार्ड चालतं, पण पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की पेट्रोलवर पॉइंट नाहीत. घरभाड्यावर नाहीत. कार्डाने रोख पैसे काढले तर त्याच दिवसापासून व्याज. पॉइंट ठरावीक मुदतीत वापरले नाहीत तर जातात, आणि वस्तू मागवायला वेगळा आकार. राहिलं काय, तर माझ्या थायरॉइडच्या आणि यांच्या बीपीच्या गोळ्या, फोनचं बिल, लेकीचे ऑनलाइन मागवलेले कपडे. तेवढ्यावर शंभर रुपयांमागे रुपयाही सुटत नव्हता. पिंपळे सौदागरच्या मोठ्या दुकानातून किराणा भरला तर पॉइंट बरेच मिळाले असते. एका रविवारी मी तिथे गेलेही. तूरडाळ घ्यायला गेले आणि बाहेर आले तेव्हा पिशवीत तीन प्रकारचे सॉस आणि एक मेणबत्ती होती. वास येणारी मेणबत्ती, आई! लाइट गेले म्हणून नाही, नुसती वासासाठी.

तिथे दुकानाच्या जिन्यावर उभी असताना मला तुझे ग्लास आठवले. तुला आठवतं ना, त्या चहाच्या पुड्यावर कडेला एक पट्टी असायची, त्या पट्ट्या साठवल्या की सहा काचेचे ग्लास मिळायचे, निळ्या फुलांचे. तू त्यासाठी चहा बदललास. बाबा पहिला घोट घेऊन म्हणाले, ‘पोतं उकळलंय का यात?’ आणि तू म्हणालीस, ‘गुमान प्या. ग्लास आलं की पुन्यांदा जुना आणीन.’ ग्लास येईपर्यंत घरात कोणीही मनापासून चहा प्यायला नाही. हिशेबाने बघितलं तर त्या पैशात बाजारातून तसले ग्लास विकत आले असते, आणि मी मोठी झाल्यावर एकदा तुला तसं बोलूनही दाखवलं. तू म्हणालीस, ‘इकत आनलं असतं तर ते घरखर्चात गेलं असतं. हे मला मिळालं.’ तेव्हा मला तो वेडेपणा वाटला. त्या जिन्यावर, हातात मेणबत्ती घेऊन, तसं वाटलं नाही. तुझ्या त्या घरात तुला म्हणून काही येतच नव्हतं. साडीसुद्धा दिवाळीला सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर.

तर महिना संपला आणि माझा अभ्यास सांगत होता की हे कार्ड तोट्याचं नाही, पण फायद्याचंही फार नाही. शहाण्या माणसाने सोडून दिलं असतं. मी रात्रीची भांडी आवरता आवरता यांना म्हटलं, ‘मी कार्ड घेणार आहे.’ हे टीव्हीचा आवाज कमी करून आत आले. ‘अगं, पण तूच म्हणालीस काही सुटत नाही त्यातून. मग कशासाठी?’ तेव्हा मी यांना ती मशीनची गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कधी सांगितली नव्हती.

पिंपरी बाजारातलं शिलाई मशीनचं दुकान. मी तिसरी-चौथीत असेन. तू तेव्हा एका कंपनीच्या कँटीनला कंत्राटावर चपात्या लाटतेस. बाबांची कंपनी बंद पडलीय आणि ते कधी इथे, कधी गावाकडे मिळेल ते काम करतायत. तुला कोणीतरी सांगितलंय की कंपन्यांचे अ‍ॅप्रन आणि हातमोजे घरी शिवायला मिळतात, फक्त मशीन पाहिजे. आणि मशीन हप्त्याने मिळतं. तू मला शाळेतून परस्पर तिथे नेलंयस. तुझ्या अंगावर लग्नाकार्याची साडी आहे. तू स्टुलावर बसून पायडल मारून बघतेस, दोरा ओवतेस, चिंधीवर एक सरळ शिवण घालतेस आणि माझ्याकडे बघून हसतेस. तुझं तसं हसू मी फार वेळा बघितलेलं नाही.

दुकानदार वाईट नव्हता. त्याने मला पाणी दिलं होतं. तो म्हणाला, ‘मशीन देतो, बाई. पण हमीला माणूस लागेल. कंपनीत पर्मनंट असलेला.’

‘मी हाय की कामाला.’

‘पगाराची स्लिप आहे?’

कंत्राटावरच्या बायकांना कुठली स्लिप? मग तोच म्हणाला, ‘बरं, मालकांना घेऊन या. त्यांची सही चालेल.’ बाबा गावाला होते आणि असते तरी त्यांच्याकडेही स्लिप नव्हती. दुकानदाराने मान हलवली. ‘मग कसं करू सांगा. तुमच्या नावावर मला देता येत नाही.’

तू ‘बरं’ म्हणालीस. पायडलवरचा पाय हळूच काढलास आणि मशीनच्या चाकाला जिथे तुझा हात लागला होता तिथे पदराने पुसलंस. मला अजून ते दिसतं, आई. बाहेर आल्यावर मी शहाणपणा करून म्हटलं, ‘शेजारच्या काकांना सांगू या ना, ते पर्मनंट आहेत.’ तू बाजाराच्या गर्दीत थांबलीस. ‘कुनाच्या दारात जाऊन माझ्यासाठी काय मागायचं न्हाई. कळलं? गप चल आता.’ घरापर्यंत तू माझा हात धरला नाहीस. मला वाटलं तू माझ्यावर रागावलीयस.

पुढचं तर तुलाच ठाऊक आहे. त्या महिन्यात भिशी आपल्या घरी होती. निळ्या फुलांच्या ग्लासांतून सगळ्या चहा पीत होत्या. तू कोणापुढे काही बोलली नाहीस, मीच बडबडले की आईला मशीन दिलं नाही. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी दारामागे गेले. पण त्या साताऱ्याच्या मावशी, ज्यांच्याशी तुझं नळावरून भांडण चालायचं, त्या ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, ‘या बारीला चिठ्ठी काढायचीच न्हाई. हिला देऊन टाकायची.’ एकीनेही ‘का’ म्हणून विचारलं नाही. आठ दिवसांत टेम्पोतून मशीन आलं. त्याच मशीनवर माझं कॉलेज झालं, आणि कॉलेज झालं म्हणून आज माझ्याकडे पगाराची स्लिप आहे.

माझी गोष्ट संपली. नळ चालू होता तो यांनी बंद केला. मग म्हणाले, ‘हे तू मला कधी बोलली नाहीस.’ म्हटलं, ‘कधी विषय निघाला नाही.’ हे म्हणाले, ‘घे कार्ड. पण छोटा आकडा, मोठा आकडा असली भानगड नको. दर महिन्याला सगळं बिल खात्यातून आपोआप जाईल असं करून घे.’ ते मी आधीच ठरवलं होतं. लिमिट बँक देईल त्याच्या निम्म्याहून कमी ठेवायची, त्यावर रोख कधी काढायची नाही, आणि किराणा आपल्या गल्लीतल्या दुकानातूनच, हेही ठरवलं होतं. पण मी म्हटलं, ‘बरं झालं तुम्ही सांगितलंत.’ यांना बरं वाटलं. तूही बाबांशी असंच करायचीस, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी कँटीनपाशी ती परभणीची पोरगी पुन्हा आली होती, टेबलाची आवराआवर करत होती. मी म्हटलं, ‘काढ तुझा फॉर्म.’ तिने खुर्ची पुढे ओढली आणि माझी स्लिप बघून म्हणाली, ‘ताई, तुम्हाला तर लगेच होईल. बाकी कुणाची काहीच गरज नाही.’ तिला काय माहीत ती काय बोलून गेली. मी जरा वेळ पेन हातात धरून बसले. ती घाबरून म्हणाली, ‘काही चुकलं का माझं?’ म्हटलं, ‘नाही गं, बरोबर बोललीस.’ आणि सही केली. तुझी नात म्हणते, ‘एवढ्याशा कार्डासाठी तू महिना घालवलास?’ तिला नोकरी लागल्या लागल्या बँकेनेच फोन करून विचारलं होतं. तिला हे सगळं अगदी साधं वाटतं. तिला ते तसंच वाटत राहो.

पहिल्या बिलात गोळ्या आणि फोन, एवढंच होतं. पॉइंट इतके थोडे आले की त्यात तुझ्या ग्लासाचं बूडही आलं नसतं. चालेल मला.

आता एकच गोष्ट राहिली. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, त्यामुळे सांगायला लाजत नाही. कार्ड यायच्या आधी बँकेतून खात्री करायला फोन आला. मी स्टोअरमध्ये रॅकच्या मधल्या बोळात उभी होते, मागून ट्रॉली जात होती. पलीकडच्या मुलीने माझा पत्ता विचारला, जन्मतारीख विचारली. मग म्हणाली, ‘मॅडम, सुरक्षेसाठी आईचं पूर्ण नाव सांगता का?’ आई, तुझं नाव मी शेवटचं मोठ्याने कधी घेतलं होतं? घरात बाबा तुला ‘अगं’ म्हणायचे आणि सगळी चाळ तुला माझी आई म्हणायची. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘बरोबर आहे, मॅडम, धन्यवाद.’ तिला पहिल्याच वेळी नीट ऐकू गेलं होतं. तरी मी म्हटलं, ‘आवाज आहे इथे, पुन्हा सांगते,’ आणि ट्रॉली निघून गेल्यावर, एकेक अक्षर सुटं करून, तुझ्या माहेरच्या आडनावासकट पुन्हा सांगितलं.