पाद्रीबुवांचे चार खंड

५ जुलै, शनिवार
आज दुपारी आमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर छत्री झटकत ती म्हणाली, "एका इंग्रज पाद्र्याची पुस्तकं आहेत का तुमच्याकडे?" बस्स. तिथून माझं आयुष्य वेगळं. आधीचं सगळं रद्दीत.
नाव सानिका. इंग्रजीत एम.ए. करतेय. या पाद्र्याने जे जे छापलं ते सगळं वाचून प्रबंध लिहायचाय. सरकारमान्य चर्चशी याचं वाजलं, हा बाहेर पडला, धान्याच्या कोठारात प्रवचनं करायला लागला. आणि फावल्या वेळात बड्या बिशप लोकांची टर उडवणाऱ्या कविता.
ऑर्लेमच्या ख्रिस्ती वस्तीतला एक बंगला पाडला तेव्हा आलेल्या खोक्यात त्याचे चार खंड पडलेत. पुसून हातात द्यायचे, विषय संपला. पण तोंडातून गेलं, "वाचलेत मी सगळे."
"सगळे? चौथा कसाय?"
"चौथा... शांतपणे वाचायचाय तो."
हसली. पहिला घेऊन गेली, बाकीचे एकेक करून नेणार. शेठ मागून: "अरे, आपला दुकान हाय का लायब्ररी?"
लायब्ररी. आजपासून लायब्ररी.

९ जुलै, बुधवार
दुसरा खंड. शेजारी डिक्शनरी. पहिली अर्धी प्रवचनं, दोनदा डुलकी. मग कविता सुरू आणि मी ताठ बसलो. एका बिशपचा केसांचा टोप वाढत वाढत एवढा होतो की बिशप चर्चच्या दारातून आत जाऊ शकत नाही. बाहेरूनच आशीर्वाद देतो! दुकानात एकटाच हसत होतो. शेठला वाटलं फोनवर आहे.
हा माणूस पाद्री नाहीच. शाहीर आहे. आमच्यात गाणाऱ्याला बुवा म्हणतात, म्हणून आजपासून हे पाद्रीबुवा. पा.बु.
त्याने चर्च सोडलं, मी कॉलेज. जमेल आमचं.

१२ जुलै, शनिवार
सा. आली. दुसरा नेला. कॉलेज का सोडलं विचारलं. म्हटलं, सर चुकीचं शिकवत होते, वर्गात बोललो, वाजलं, सेकंड इयरला निघालो.
"मग सर सोडायचे ना. कॉलेज कशाला सोडलंस?"
मी वहीत तिचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. 
मग आडनाव कळलं. जोगेश्वरीच्या शक्तीवाल्या बुवांची मुलगी! वाट लागली. आम्ही तुरेवाले, म्हणजे शंकराच्या बाजूचे; ते पार्वतीच्या. शंकर मोठा की पार्वती यावर माझे अप्पा आणि तिचे बाबा मी जन्मायच्या आधीपासून स्टेजवर भांडतायत. गाण्यातून सवाल, गाण्यातून जबाब, मध्ये मध्ये एकमेकांना टोमणे. यंदा अप्पांचा गळा बसलाय, डॉक्टरने गायचं बंद केलंय. ३ ऑगस्टला मुलुंडला सामना आहे, बुवांसमोर मी उभा राहणार. पहिल्यांदाच.
तिला म्हटलं तर म्हणे, "माहितीये. पोस्टरवर फोटो बघितला तुझा. डोळे मिटलेत त्यात."

२० जुलै, रविवार
तालीम. बिशपचा टोप काढला, बुवांचा फेटा घातला:
बुवांचा फेटा एवढा वाढला, दारात मावेना,
देवळाबाहेर बुवा उभे, देवच दिसेना!
अप्पा हसून हसून खोकले. "मेल्या, तुजा हाय ह्या?"
"माझंच."
पा.बु. काय कोर्टात येतायत.

२४ जुलै, गुरुवार
सा. मधल्या आठवड्यात नेलेला तिसरा खंड परत द्यायला आली. चौथा सामन्यानंतर नेणार म्हणे. पुस्तक देताना तिचं बोट माझ्या बोटाला लागलं. जास्त लिहीत नाही.
ती पुस्तक उघडून मागची पानं दाखवत होती. ज्यांची टर उडवली त्यांनी उलट कविता केल्या, त्या पा.बु.ने आपल्याच पुस्तकात, शेवटी छापल्यात. स्वतःला दिलेल्या शिव्या, स्वतःच्या खर्चाने.
मी: "येडा आहे."
ती: "येडा नाही रे. खेळ कळलेला माणूस आहे."
ठरवलं. सामना जिंकायचा आणि तिथेच, हॉलच्या बाहेर, तिला विचारायचं.

३ ऑगस्ट, रविवार
दुपारचा प्रयोग, हॉल फुल्ल. गण झाला, गवळण झाली, टाळ्या झकास. सा. त्यांच्या कोरसमध्ये, हातात झांज, बुवांच्या मागेच.
मग फेट्याच्या ओळी फेकल्या. हॉल उसळला. बुवा सुद्धा हसले. सा. पुढे वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. आणि बुवांनी ढोलकीवाल्याला हात केला:
फेटा काढून बुवा आत गेले, बसले देवापाशी,
गोऱ्या पाद्र्याचं उष्टं खाऊन कोण राहिला उपाशी?
हॉल पडायचा बाकी. पाद्री कोण ते कोणाला माहीत नाही, पण मी चोर आहे हे शेवटच्या रांगेलाही कळलं. पुढचा सवाल विसरलो. आमचा कोरस माझ्याकडे, मी छताकडे.
सामना संपल्यावर विंगेत गेलो आणि सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. "बाबांना सांगितलंस ना? एवढ्यासाठी दुकानात येत होतीस?"
ती झांज पिशवीत टाकत म्हणाली, "सांगितलं नाही. जबाब माझाच होता. बारावीपासून त्यांचे सगळे जबाब मीच जोडते."
बुवा नारळ घेऊन उभे होते. सामन्यानंतर दोन्ही शाहीर गळाभेट घेतात, एकमेकांना नारळ देतात, चालत आलंय. मी नारळ न घेताच त्यांच्या बाजूने निघून गेलो.

५ ऑगस्ट, मंगळवार
 आज जेवताना अप्पा:
"हरलास त्याचा काय नाय. मी पण हरलंय त्येच्यासमोर. स्टेजवरचा भांडान खाली आणलास. ह्या आपल्यात कोणी केला नाय."
आई: "जेवूक द्या त्याला."
"जेवू दे की. नारळ तिकडेच ऱ्हायलाय, बुवांच्या हातात."
सा.ला तीन मेसेज टाकले. पाहिलेत. उत्तर नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
दुपारी तिचा मेसेज. दोन शब्द: "चौथा खंड?"
फक्त पुस्तकासाठी की... तसंच दिसतंय. प्रबंध द्यायचाय तिला, राग असला तरी पुस्तक लागणार. म्हटलं, रविवारी घरी आणून देतो. "बाबा असतील," म्हणाली. म्हणजे ये की येऊ नकोस?
चौथा उघडला, खरंच पहिल्यांदा. यात बिशप नाहीच कुठे. पा.बु. म्हातारे झालेत, आणि टर स्वतःची. प्रवचनात दारिद्र्याचे गोडवे गाऊन घरी भाजलेलं कोंबडं खाणारा पाद्री, तो मीच, म्हणतात. भांडकुदळपणालाच सत्य समजणारा, तोही मीच. तीन खंड सगळ्या जगाची टर उडवली, शेवटी स्वतःची. शेठ शटर ओढत म्हणाला, "आज हसते नाय?" हसत होतो, पण वेगळं.

१० ऑगस्ट, रविवार
सकाळपासून एकच काम. कागद फाडून फाडून आईचा झाडू दोनदा फिरला. दुसऱ्याला चावणं सोपं आहे यार. स्वतःला चावायला मान वळत नाही. शेवटी हे जमलं, आणि कुठल्याही खंडातलं नाही:
चूल पेटेना, लाकडं ओली, घरभर नुसता धूर,
शाहीर म्हणे, "बघा माझी आग!" डोळ्यांत त्याच्याच पूर.
अप्पांना म्हणून दाखवलं. हसले नाहीत. ढोलकीवर ताल धरून म्हणाले, "दुसरी ओळ सावकाश घे. घाई करतोस."
म्हणजे बुवांच्या घरी, त्यांच्या दारात उभा राहून, तिच्यासमोर हे म्हणायचं. आधी नारळ मागायचा, मग पुस्तक द्यायचं. का आधी पुस्तक? तिने जबाब दिला तर? नाही दिला तर?
आई बाजारात, अप्पा वामकुक्षीत. चौथा खंड पिशवीत टाकला. शर्ट निळा. पोस्टरवर डोळे मिटलेत, आज उघडे ठेवणार.
पेन ठेवतो. चपला घालतो. अप्पा जागे होऊ नयेत म्हणून दार हळू ओढून घेतो.