शेतकरी की तीनवाला?

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

बाबा परवा दवाखान्यातून घरी आले. उजवा हात अजून लुळा आहे आणि चालताना भिंत धरावी लागते, पण खरी अडचण बोलण्याची आहे. पाणी हवं असलं की खिडकी म्हणतात, आणि मी उठून खिडकी उघडली की माझ्यावरच डोळे वटारतात. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांचं म्हणणं असं की अर्धांगाच्या झटक्यामुळे शब्द इकडेतिकडे झालेत, पण माणूस आतून किती जागेवर आहे हे सात-आठ आठवड्यांनी तपासून सांगता येईल. तोवर त्यांच्या आवडीच्या विषयावर बोलतं करा, म्हणाल्या.

आता बाबांची आवड म्हणजे लेथ मशीन आणि तुम्हा बापलेकांचा तो जन्माचा वाद. अंडाकार ट्रॅकवरच्या शर्यतींत सगळ्यांत थोर ब्रिटिश ड्रायव्हर कोण! रद्दीतली मोटारींची मासिकं पुढ्यात घेऊन तुम्ही तासन्‌तास भांडायचात आणि मी शाळेच्या गणवेशांना काजं करत कान बंद करून बसायचे. आता पस्तावते आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तर तो वाद नीट लिहून पाठव, मी वाचून दाखवीन. फोन नको. फोनवर शब्द सापडला नाही की त्यांना रडू येतं, आणि ते मला बघवत नाही.

सहा वर्षं तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत हे मला ठाऊक आहे. तू मलाच लिहितो आहेस असं समज, म्हणजे तुझं नाक जागच्या जागी राहील.

रागावले तरी माया आटत नाही, हे तुला माहीत आहेच.
तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र कामावर, लिफ्टच्या खड्ड्यात बसून वाचलं. वर दुरुस्तीचा बोर्ड लावला होता, म्हणून कोणी खाली बघितलं नाही ते बरं झालं.

आता नीट वाच. बाबांचा माणूस जिम क्लार्क. त्याला आम्ही शेतकरी म्हणायचो, कारण तो खरोखरच मेंढ्या पाळायचा. अमेरिकेतली पाचशे मैलांची शर्यत त्याने १९६५ साली जिंकली. दोनशे फेऱ्यांपैकी एकशे नव्वद फेऱ्या तोच पुढे होता. इंजिन पाठीमागे असलेल्या गाडीने ती शर्यत जिंकली जाण्याची ती पहिलीच वेळ. बाबा म्हणायचे, त्याने सगळ्यांच्या गाड्या उलट्या करून दाखवल्या.

माझा माणूस डारिओ फ्रँकिटी, म्हणजे तीनवाला. तीच शर्यत तीनदा जिंकली, शिवाय मोसमाची चार विजेतेपदं. आणखी दोघे आहेत, त्या दोघांनाही मिशा आहेत, घोळ घालू नकोस. ग्रॅहॅम हिलने १९६६ ची शर्यत जिंकली, पण त्या दिवशी फेऱ्या मोजण्यात गोंधळ झाला आणि खरा पहिला शेतकरीच होता असं काहीजण अजून म्हणतात. बाबा त्यांतलेच एक. दुसरा नायजेल मॅन्सेल. तो १९९३ मध्ये अमेरिकेत गेला आणि पहिल्याच वर्षी मोसमाचं विजेतेपद घेऊन बसला.

आमचा नियमही सांगतो. घराखालच्या बाबांच्या वर्कशॉपच्या शटरला आतून खडूच्या रेघा आहेत. डावीकडे बाबांच्या, उजवीकडे माझ्या. एखादा मुद्दा समोरच्याला खोडता आला नाही, की त्याने आपल्या हाताने दुसऱ्याच्या बाजूला रेघ मारायची. स्वतःची रेघ स्वतः मारायची नाही. मी निघालो तेव्हा बाबा एक्केचाळीस होते आणि मी अडतीस.

शेवटचा वाद पावसाचा होता. तीनवाल्याची पहिली जीत, २००७ ची, पाऊस आला म्हणून एकशे सहासष्ट फेऱ्यांतच संपवली गेली. अर्धवट सोडलेलं काम आपण जिंकण्यात धरत नाही, असं बाबा म्हणाले. त्याच संध्याकाळी मी लिफ्ट कंपनीत नोकरी घेतल्याचं सांगितलं. मग अर्धवट सोडण्याबद्दल ते जे बोलले ते शर्यतीबद्दल नव्हतं. मीही म्हणालो की तुम्ही बोलवाल तेव्हाच येईन. ते शब्द मला गिळता येत नाहीत, आणि त्यांनी बोलावलेलं नाही.

त्यांचा हात कसा आहे ते मात्र दर पत्रात लिही.
तुझ्या मायेवरच इथे चाललं आहे.
धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे, एक गंमत झाली आणि माझी पुरती फजिती झाली. तुझं पत्र घेऊन त्यांच्यासमोर बसले, पण चष्मा शिलाई मशीनवर राहिला होता. म्हटलं, दोनदा वाचलंय, तोंडी सांगू. तर मी सांगितलं की तीनवाला मेंढ्या पाळायचा, त्याला मिशा होत्या, आणि त्याने मागे इंजिन लावून दोनशे शर्यती जिंकल्या. बाबांचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताने पलंगावर थाप मारली आणि ओरडले, मेंढ्या! मग म्हणाले, मेंढ्या शेतकऱ्याच्या! तीन आठवड्यांत पहिल्यांदा बरोबर जागी बसलेला शब्द, आणि तो मेंढ्या. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हेच औषध चालू ठेवा. म्हणून आता रोज सकाळी एक चूक सांगते. काल मिशा शेतकऱ्याला लावल्या. त्यावर पूर्ण एक वाक्य मिळालं, त्यातलं अर्धं मला शिव्या देणारं. हाताची बोटं थोडी वळतात.

अशीच माया पत्रांतून येऊ दे, आणि मुद्दे जरा जास्त पाठव.
ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मेंढ्यांचं वाचून मी लिफ्टमध्ये एकटाच हसत होतो आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी जिन्याने गेल्या. पण ताई, आता माझाच गोंधळ उडालाय. पत्रामागोमाग आलेल्या तुझ्या चिठ्ठीत लिहिलंस की हिलने तीनदा जिंकली. ही औषधाची चूक की तुझी? आणि १९६५ चं १९५६ झालंय, ते कोणासाठी? तू मलाही डोस देते आहेस का? कृपा करून मला लिहिताना खरं लिही. मुद्दाम केलेल्या चुकीखाली रेघ ओढ.

मॅन्सेलचा एक मुद्दा देतो. त्या वर्षीच्या पाच विजयांपैकी चार अंडाकार ट्रॅकवरचे होते, आणि अशा ट्रॅकवरच्या पहिल्याच शर्यतीला तो सरावात भिंतीवर आदळल्यामुळे मुकला होता. बाबांना विचार, नवख्याने इतकं केलं तर तो थोर का नाही. ते याला नक्की खोडतील.

लोभ वाढावा, चुका कमी व्हाव्यात.
धाकटा


१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी सांगते, १९५६ माझं, हिल औषधाचा. की उलट? राहू दे.

आता महत्त्वाचं. बाबा आता वाक्यं बोलतात, पण काय बोलतात ते मला कळेनासं झालंय. मॅन्सेलचा मुद्दा सांगितला, तर म्हणाले, दोन वर्षं म्हणजे पाहुणा, तीनवाला घरचा. तीनवाला तर तुझा ना? दुसऱ्या दिवशी मी शेतकऱ्याच्या एकशे नव्वद फेऱ्या सांगितल्या, त्यावर म्हणाले की तीनवाल्याच्या वेळी सगळ्यांच्या गाड्या जवळजवळ सारख्या होत्या, तिथे जिंकणं अवघड. आणि काल पावसाबद्दल स्वतःहूनच बोलले. बराच वेळ शब्द शोधत होते. पावसातलं जिंकणं खरं, असं म्हणाले.

मी पत्र काढून पुन्हा वाचलं. चष्मा लावून वाचलं. तू तर उलटं लिहिलं आहेस. मग मी कोणावर विश्वास ठेवू? दोन आठवड्यांनी बाईंची तपासणी आहे. हे त्यांना सांगू की नको?

मन थाऱ्यावर नाही. तुझं असलं तर थोडं इकडे पाठव.
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंना सांग. लपवू नकोस.

ताई, माझ्या बाबांनी पावसावर हार मानणं शक्य नाही. त्या एका मुद्द्यावर सहा वर्षं गेली. कोण कोणाच्या बाजूचा हेच ते विसरले असतील, तर ज्यांच्याशी मी भांडलो ते बाबा आता तिथे नाहीत. आधी वाटायचं, त्यांनी माघार घेतली की मला किती बरं वाटेल. तुझं पत्र वाचून उलट भीतीच वाटली. ते बाबाच गेले असतील तर मला बोलावणार कोण?

एक कर. शेतकरी कोणाचा आणि तीनवाला कोणाचा, एवढंच सरळ विचार. त्यात चूक घालू नकोस. आणि जे उत्तर येईल तेच लिही, मला बरं वाटावं म्हणून बदलू नकोस.

तुझाच,
धाकटा


२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलं. शेतकरी कोणाचा, तर स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तीनवाला कोणाचा, तर कपाटावरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं आणि मी ठार वेडी आहे अशा नजरेने पाहिलं. म्हणजे सगळं लक्षात आहे. मग तुझी बाजू का घेतात, असं विचारल्यावर शटर, शटर म्हणत राहिले. मला वाटलं, पुन्हा खिडकीसारखाच घोळ झाला.

तरी काल किल्ली घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. आत जाऊन शटर खाली ओढलं आणि दिवा लावला. डावीकडे एक्केचाळीस रेघा. सहा वर्षांपूर्वी होत्या तेवढ्याच, धूळ बसून पिवळ्या पडलेल्या. उजवीकडे तुझ्या अडतीस, आणि त्यांच्यापुढे रेघाच रेघा, खाली जमिनीपर्यंत. शेवटच्या मी गुडघे टेकून मोजल्या. अडतिसांसकट एकशे चार झाल्या. सगळ्या बाबांच्या तिरक्या हाताच्या. मधल्या एका रेघेपाशी खडूने लिहिलंय, पाऊस, दिली. खाली तारीख आहे, चार वर्षांपूर्वीची. झटका यायच्या कितीतरी आधीची.

मी वरच्या खोलीत समजत होते की बाबा एकटेच बडबडत काम करतात. ते तुझ्या वतीने स्वतःशी भांडत होते रे, आणि हरत होते.

तपासणी झाली. माणूस पूर्ण जागेवर आहे, असं बाई म्हणाल्या. सोबतचा कागद बाबांचा आहे. दोन दिवस लागले. मी एक अक्षरही सुधारलेलं नाही.

तुझी वाट बघणारी,
ताई


चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हात डावा आहे. अक्षराला हसू नकोस.

तू गेलास. तुझ्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. मीच बोललो. तीनवाला वाईट नाही. शेतकरी थोर.

पाऊस काही त्याने पाडला नव्हता. रेघ दिली.

माझी बाजू एक्केचाळीस. सहा वर्षं तिथेच. माझी रेघ मला मारता येत नाही. नियम आहे.

ये. खडू आहे.

बाबा