कुसूचं कासव

सेंगकांग, १३ ऑक्टोबर २०१३

ती. आईस,
आधी वाकून नमस्कार.

आम्ही दोघं नवराबायको मजेत आहोत. तुझी शुगर काय म्हणतेय?

काल मुकुलबरोबर बोटीने कुसू बेटावर गेले. बुडणाऱ्या दोन खलाशांना, एक मलय आणि एक चिनी, वाचवायला एक कासवच बेट झालं म्हणे! म्हणून खाली चिनी देऊळ, वर टेकडीवर मलय पिरांच्या कबरी. एरवी सामसूम, सध्या यात्रा. आई, एकाच बेटावर दोघांचे देव! मी बघतच राहिले.

देवळाजवळ दगडी कासव दिसलं. आपल्या महादेवासमोर करते तसा सवयीने त्याला हात लावून नमस्कार केला. इथेही तीच रीत, शेजारच्या चिनी आजी खूश झाल्या. इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाल्या, "यू नो ऑलरेडी, लाह! आता वर जाऊन बाळ माग."

लोक त्यासाठीच वर जातात. मीही गेले. पण हात जोडले आणि डोळ्यांपुढे तूच आलीस, माझ्यासाठी सोमवार धरून नुसत्या चहावर दिवस काढणारी. म्हटलं, मूल द्यायचं तेव्हा दे, आधी आईचे उपास सोडव.

तेव्हा आता दर सोमवारी फोन करेन, पोटभर जेवलीस असंच सांग. देवाकडे शब्द टाकलाय मी.

तुझीच,
अनुया