लाल दिवा आणि माइतेला फोन

६ एप्रिल, शनिवार
आणखी दोन कोकरं गेली. या आठवड्यात पाच. काम कोयोटचंच, इथल्या रानकोल्ह्यांचं. खालच्या कोपऱ्यातल्या टेकाडापाशी थोडी लोकर आणि एक खूर, बाकी काही नाही.

शेजारची माइते कुंपणापाशी आली होती. तिची मेंढरं आमच्या दुप्पट, गेलेली कोकरं शून्य. म्हणाली, अगं लोर्ना, किती वर्षं सांगतेय, एक कुत्रं पाळ. माझी चिकी बघ. चिकी म्हणजे तिच्या बास्क भाषेत छोटी. ही छोटी पन्नास किलोची पांढरीशुभ्र कुत्री आहे.

मी म्हटलं, ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांनी कुत्री पाळावीत. जरा लागेल असं बोलले. मुद्दा मात्र बरोबर होता.

निश्चय: रात्रीची शिकार, शास्त्रशुद्ध. चर्चच्या तळघरात तीस वर्षं शिकारसुरक्षेचा वर्ग घेते आहे. यंदाचा २७ तारखेला. तोपर्यंत तीन कातडी भिंतीवर.

८ एप्रिल
दिव्यांचा अभ्यास पूर्ण. पांढरा: लांब पडतो, पण जनावर बुजतं. हिरवा: माणसाला स्पष्ट दिसतं. लाल: जनावराला जवळजवळ जाणवत नाही, पण पल्ला कमी आणि सगळं एकाच रंगाचं दिसतं.

दुकानदार फोनवर म्हणाला, आजी, साठीच्या पुढच्या डोळ्यांना हिरवा बरा.

लाल मागवला.

११ एप्रिल
पार्सल आलं. गोठ्यात दिवा लावून पाहिला. माझा नवरा आर्विड टोमॅटोसारखा दिसला, मेंढ्याही टोमॅटोसारख्या. आर्विड म्हणाला, यात मी कोण नि मेंढी कोण, तुला कळतंय का? म्हटलं, मेंढी कमी बोलते.

१३ एप्रिल
शिकार खात्याच्या वॉर्डनला, डेलला, फोन केला. शाळेत चौथीला माझ्या वर्गात होता. अजून ‘बाई’च म्हणतो, फोनवरसुद्धा उभा राहून बोलतो असं वाटतं. जमीन आमची, गाडीतून किंवा रस्त्यावरून दिवा मारणार नाही, सगळं सांगितलं. त्याने वहीत नाव लिहून घेतलं. म्हणाला, बाई, कुंपणाच्या शेजाऱ्यांना कळवलंत ना? म्हणजे ते कुत्री आत घेतील.

मला विचारतो! हा नियम मीच त्याला शिकवला. वर्गातले माझे चार नियम: जमिनीची परवानगी. रस्त्यावरून दिवा नाही. वॉर्डनला आणि प्रत्येक शेजाऱ्याला फोन. आणि चौथा, फळ्यावर दोन रेघा मारून: डोळे म्हणजे जनावर नव्हे. डोकं, खांदा, शेपूट दिसल्याशिवाय बोट बंदुकीच्या घोड्यावर नाही.

उद्याची कामं: १. दिव्याची बॅटरी चार्ज करणे. २. माइतेला फोन करणे.

१५ एप्रिल, रात्री १०.४०
पहिली बैठक. खालच्या कोपऱ्यात टेकाडावर दोन डोळे. लाल निखारे. जनावर हललं नाही की पळालं नाही. माझ्याकडे बघत बसलं. असला निर्लज्ज कोयोट मी आयुष्यात पाहिला नाही. आमच्या मेंढ्या त्याच्या अवतीभवती खुशाल रवंथ करत बसलेल्या. मेंढीला अक्कल नसते ती अशी.

निशाणा घेतला तोच बॅटरी संपली. चार्ज करायची राहिली होती. यादीतली दोन्ही कामं राहिली होती.

१७ एप्रिल
दहा दिवसांत एकही कोकरू गेलं नाही. दिव्याचा परिणाम. दिवा अकराला आला हे खरं, पण कोयोट धूर्त असतात, त्यांना चाहूल लागते.

टपाल कचेरीत माइते भेटली. म्हणाली, चिकी म्हातारी झाली गं, रोज पहाटे पोटापर्यंत भिजून येते आणि दिवसभर झोपते. म्हटलं, तुझं राखणदार कुत्रं ते हेच का? ती हसली. म्हणाली, तुझ्या विज्ञानाचं काय? म्हटलं, सत्तावीसला बघशील. शिकारीचं तेव्हाच सांगणार होते. पण मग ती म्हणाली असती, थांब, चिकीला आत घेते. म्हणजे जिंकली तीच. फोन उद्या.

१९ एप्रिल, रात्री ११.२०
गोळी सुटली.

डोळे तिथेच होते. जमिनीपासून जरा उंच वाटले, पण टेकाडावर सगळंच उंच वाटतं. लाल उजेडात खांदा दिसल्यासारखं झालं. शेपूट गवतात असणार. त्यानंतर जो आवाज आला तो कोयोटचा नव्हता.

नसेलही. प्रत्येक कोयोटचा आवाज मला थोडाच माहीत आहे.

टेकाडावर रक्त आणि केसांचा एक पुंजका. घरी येऊन पांढऱ्या दिव्याखाली पाहिला. पांढरा. काही कोयोट फिकट असतात.

पुंजका चुलीत टाकला. आर्विड जागा होता. उठून त्याने खिडकी उघडली.

२० एप्रिल
सकाळी साडेसहाला माइतेचा फोन. चिकी रात्री अख्खा डावा कान गमावून, रक्ताने माखून घरी आली. डॉक्टरने अकरा टाके घातले. वाचेल. म्हणाली, दोन बोटं इकडे असती तर डोक्यातच. कुणीतरी रस्त्यावरून दिवा मारून गोळी घातली असणार. तू तर नियम शिकवतेस, लोर्ना, तूच सांग, असं कोण करतं?

मी म्हटलं, कुणीतरी अडाणी.

दिवसभर जेवण गेलं नाही. हवा बदलते आहे.

२१ एप्रिल, रविवार
रुबार्बची गोड पाई भाजून माइतेकडे नेली. शेजारधर्म. चिकी चुलीपाशी पडली होती, डोक्याला पट्टी. माझ्याकडे बघून शेपटी आपटायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. माइतेकडचं कॅलेंडर मागच्या वर्षीचं आहे.

माइते म्हणाली, आता रात्री हिला कोंडून ठेवते. पण ऐकत नाही गं. दाराशी बसून तुमच्या खालच्या कोपऱ्याकडे तोंड करून रडते. आमच्या मेंढ्या तर वरच्या अंगाला आहेत!

तिने पाईचा तुकडा पुढे केला. दात दुखतो म्हणून सांगितलं. दात ठणठणीत आहेत.

२३ एप्रिल
चार कोकरं. एका रात्रीत. त्यातलं एक मी बाटलीने वाढवलेलं.

रात्रभर कोयोट ओरडत होते, सगळीकडून. दिवा होता, बॅटरी भरलेली, बंदूक मात्र मी उचलली नाही. टेकाडावर डोळे नव्हते. आर्विड म्हणाला, लोर्ना, तिथे कोण बसायचं ते मला कळलं. तुला केव्हा कळलं?

म्हटलं, झोप.

२५ एप्रिल
डेल आला. टोपी हातात. माइतेने तक्रार दिली आहे. मी म्हटलं, चर्चच्या फळ्यावर कडक शब्दांत सूचना लावू, मजकूर मी लिहिते. तो टोपीची कड फिरवत राहिला. म्हणाला, बाई, त्या रात्री माझ्या वहीत एकच नाव होतं.

कॉफी घेणार का विचारलं. नको म्हणाला. दारात थांबून म्हणाला, तुम्ही आम्हाला सांगायचात, चूक ज्याची त्याने आधी हात वर करायचा, मग मी ओरडणार नाही. शनिवारपर्यंत थांबतो मी, बाई.

अर्धा तास ओट्यापाशी उभी होते. एकच कप विसळत.

२७ एप्रिल, शनिवार
वर्ग. बारा मुलं. माइते दरवर्षीप्रमाणे मागे कॉफीच्या टेबलाशी. तीन नियम झाले. चौथा फळ्यावर लिहिला, दोन रेघा मारल्या, आणि खडू मोडला.

बोलायचं ठरवून गेले होते. वाक्य तयार होतं: माझ्या परिचयातल्या एका व्यक्तीकडून अशी चूक झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, पण बाई, नियम माहीत असणारा माणूस डोळ्यांवर गोळी कशाला मारेल?

मी हात वर केला. खरंच वर केला, मुलांसारखा. म्हटलं, मी मारली. फोनही केला नव्हता, कारण मला जिंकायचं होतं.

मागून माइते म्हणाली, मला रविवारीच कळलं. चाळीस वर्षांत तू माझ्याकडे पाई घेऊन आली होतीस का कधी? मग म्हणाली, पुढे शिकव. मुलं खोळंबलीत.

शिकवलं. डेलने दंडाची पावती बाहेर, गाडीमागे उभं राहून दिली. मी बघू नये म्हणून स्वतःच दुसरीकडे बघत होता.

माइतेला तिच्या गाडीपाशी गाठलं. डॉक्टरचं बिल मी देणार म्हटलं. म्हणाली, देशीलच. आणि चिकी रात्री सुटेल, पण माझ्या अटीवर.

६ मे
टाके निघाल्यावर चिकी सुटली, त्याला तीन रात्री झाल्या; एकही कोकरू गेलं नाही. टेकाडावर एककानी कुत्री. मेंढ्या भोवती. मेंढीला अक्कल असते.

अट अशी: रोज संध्याकाळी आठला मी फोन करायचा. माइते विचारते, दिवा कुठे आहे? मी सांगते, कपाटात. बंदूक? कुलपात. किल्ली? आर्विडच्या खिशात. मग म्हणते, ठीक, सोडते. मग फोनमधून दार उघडल्याचा आवाज येतो.

आज आठ वाजून चार मिनिटं झाली. विसरले. तिचाच फोन आला. उशीर का, म्हणाली.

मी उभी राहिले आणि माफी मागितली.