डोक्याला लागलं की बाहेर

बाबा, तुम्हाला रग्बी ठाऊक नव्हती. मलाही ती पोटापाण्यानेच शिकवली. इंदूरच्या एका कंपनीसाठी मी उज्जैनला माधव नगरच्या आपल्याच घरात, तुमच्या खोलीत बसून एका रग्बी लीगच्या सामन्यांची रेकॉर्डिंग पाहतो. कोणी कोणाला कसं पाडलं, डोकं कुठे आदळलं, पडलेला कसा उठला, हे सगळं कॉम्प्युटरवर टिपून पाठवायचं, एवढंच काम. ही लीग एका देशाची नाही. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटली आणि थेट दक्षिण आफ्रिका, एवढ्या ठिकाणचे व्यावसायिक संघ तिच्यात एकमेकांशी भिडतात. आपल्याकडे पाऊस ओसरला की हंगाम सुरू होतो आणि आंबे संपत आले की संपतो. या आठवड्यात थंडीत, चिखलात लोळलेला संघ पुढच्या आठवड्यात विमानाने आफ्रिकेत पोहोचतो आणि उंचावरच्या मैदानात उन्हात धापा टाकतो. माणसं एवढी रुंद की आपल्या दारातून आडवं होऊन आत यावं लागेल. तुम्हाला फार आवडली असती. खुर्ची ओढून बसला असतात, म्हणाला असतात, "अंग बघ, अंग." ते डोळ्यांसमोर आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण या खेळात एक नियम आहे. डोक्याला लागलंय अशी शंका आली की खेळाडू बाहेर. तो काय म्हणतो याला किंमत नाही. तो म्हणेल मी ठीक आहे, मला खेळू द्या. ते सगळेच म्हणतात. एक डॉक्टर मैदानाच्या काठावर बसून पडद्यावर पुन्हा पुन्हा तो क्षण पाहतो आणि निर्णय घेतो. हे दांडगट लोक, एकमेकांवर बैलासारखे धावून जाणारे, पण डोक्यापुढे त्यांची मर्दानगी संपते. आणि तुमच्या अखाड्यात बरोबर उलटा नियम होता. मल्लखांबावरून पडलेल्या पोराने पुन्हा एकदा चढल्याशिवाय घरी जायचं नाही. खांबाला नमस्कार, मग वर चढून सलामी, मग घर. का, तर भीती अंगात रात्रभर राहायला नको. सगळं उज्जैन तुमच्या या नियमाचं कौतुक करायचं. शाळेत पीटीचे सर, संध्याकाळी अखाड्याचे सर, रस्त्याने चाललात की लोक सायकलवरून उतरायचे. उतरायचेच की. त्यांची पोरं थोडीच पडली होती.

पडला तो दादा. खांबाच्या अगदी टोकावरून, बोंडावरून, डोक्यावर. तेव्हा गाद्या म्हणजे काय, काथ्या भरलेल्या दोन पातळ पथाऱ्या. तो थोडा वेळ तसाच पडून राहिला. मी तिथे होतो बाबा, शेजारीच उभा होतो, माझ्या हाताला खांबाला चोळायचं एरंडेल लागलेलं होतं. तो उठला, हसला आणि म्हणाला, "काही नाही, चक्कर आली फक्त." तुम्ही म्हणालात, "मग चढ." तो चढला. सलामी दिली, उतरला, तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून घरी आला. जेवताना त्याला उलटी झाली, तर तुम्ही आईला सांगितलंत, ऊन लागलंय, कैरीचं पन्हं दे. आईने पन्हं दिलं. सकाळी तो उठेना तेव्हा तुम्ही त्याला इंदूरला नेलंत. डॉक्टरांनी कवटीतून रक्ताची गाठ काढली, जीव वाचवला. बाकीचं जे होतं ते परत आलं नाही. वर्गात पहिला येणारा दादा आता शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घेतो. डॉक्टर तुम्हाला व्हरांड्यात काय म्हणाले तेही मी ऐकलं होतं: "मास्टर साहब, कल शाम को ले आते." यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तिथेही नाही, घरीही नाही, मरेपर्यंत नाही. तेराव्याला तुमच्या शिष्यांनी तुमच्या शिस्तीवर भाषणं केली. आई स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. ती मला हळूच म्हणाली, "दार लोटून घे रे." मी घेतलं.

दादा माझ्याशेजारी बसून सामने पाहतो. त्याला गुण कळत नाहीत, संघ कळत नाहीत. कोणी आपटला की तो शांतपणे म्हणतो, "पडला." यंदाच्या उपांत्य सामन्यात तो तसंच म्हणाला. आयर्लंडचा संघ आफ्रिकेत पाहुणा होता आणि थोडक्यात पुढे होता. शेवटचा थोडा खेळ उरलेला, आणि त्यांच्या कप्तानाचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला, पण एक पाऊल वाकडं पडलं. लगेच बाहेरून खूण झाली. तो चिडला, हात झटकला, डॉक्टरच्या अंगावर गेला. सगळ्या हंगामाची मेहनत होती हो त्याची. तरी त्याला काढलं. त्याचा संघ तो सामना हरला. नंतर त्यांच्या प्रशिक्षकाला विचारलं तर तो म्हणाला, डॉक्टरचं बरोबर होतं, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. बस, एवढंच. मी तेवढाच तुकडा मागे नेऊन परत परत पाहत बसलो. एक वाक्य लागतं, बाबा. कुठल्या परक्या माणसाला परक्या पोरासाठी ते बोलता येतं, आणि तुम्हाला पोटच्या पोरासाठी आलं नाही.

हे मी आजवर गिळत आलो, पुढेही गिळलं असतं. पण आता माझी मुलगी त्याच अखाड्यात जाते. मी नको म्हणत होतो. तिने ऐकलं नाही, आणि दादाला तर रोज संध्याकाळी तिथेच जाऊन बसायचं असतं, त्याला सोबत हवी. गाद्या आता जाड आहेत म्हणून मी गप्प बसलो. परवा दोघांना आणायला गेलो तर ती गादीच्या कडेला डोकं धरून बसलेली, आणि तुमचा शिष्य, आता तोच शिकवतो, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणतोय, "चल बेटा, एक बार चढ़ जा, फिर घर." पोर उठायलाही लागली होती. मी तिला मागे ओढलं. ती म्हणाली, "पप्पा, मी ठीक आहे ना, चढू द्या." तो म्हणाला, "भैया, सर का नियम है, आप तो जानते हो." भिंतीवर तुमचा फोटो, त्याच्याखाली लाल रंगात तो नियम लिहिलेला, फोटोला ताजा हार.

पोरीला दवाखान्यात नेलं. तिला काही झालेलं नाही, विश्रांती सांगितली आहे. दुसऱ्या दिवशी टावर चौकातून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला, अखाड्यात गेलो आणि सगळ्या पोरांसमोर तुमच्या नियमावर ब्रश फिरवला. तुमचा शिष्य म्हणाला, "भैया, सर की निशानी है वो." मी म्हटलं, "सर की निशानी वहाँ बैठी है," आणि दादाकडे बोट दाखवलं. लाल रंग पहिल्या हातात झाकेना, मी दुसरा हात मारला, तिसरा मारला. फोटोला हात लावला नाही. लावावासा वाटला होता.

आज दुपारी हे लिहीत बसलो तर दादा आला आणि म्हणाला, "काय लिहितोस?" मी म्हटलं, "बाबांना पत्र." त्याला यात काही विचित्र वाटलं नाही. तो पलंगावर बसला. मग म्हणाला, "त्यांना विचार ना, मी पडल्यावर परत चढलो होतो, ते त्यांनी पाहिलं होतं का?" त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बाबा. त्याला त्या संध्याकाळचं तेवढंच आठवतं, आणि त्याचा त्याला अभिमान आहे. मी म्हटलं, "विचारायचं कशाला, पाहिलं होतं की. शाबास म्हणाले होते." तो खूश होऊन चहा मागायला गेला.

तुम्ही पाहिलं नव्हतं. "चढ" म्हणून तुम्ही पाठ फिरवलीत आणि दारात आलेल्या कोणाशी तरी बोलत उभे राहिलात, तो उतरेपर्यंत. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.